टोकाचा रिव्हेट

“महिनाभर येऊन राहशील का रे? माझ्याने आता बाबांना उचलवत नाही,” फोनवर ताई म्हणाली.

ताईने काही मागण्याची ही पहिलीच वेळ. त्याने नेहमीप्रमाणे तोडगा काढला. आधी चाकांची खुर्ची पाठवली होती, मग वर-खाली होणारी खाट. आणि दर वस्तूबरोबर त्याचे व धाकट्या भावाचे घरी जाणे आणखी थोडे लांबले होते.

“तू खंबीर आहेस ताई, म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत. माणूस उचलायचं यंत्र मिळतं आता. उद्याच पाठवतो.”

“बरं,” ताई म्हणाली.

त्याच आठवड्यात, तो अभियंता होता त्या विमान कारखान्यात, चाचणीत पंखाचा जोड फाटला. पत्रा टेबलावर आला. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांच्या, रांगेत भेग निघाली होती ती टोकाच्या छिद्रातून.

“टोकाचा रिव्हेट जाड करू या, सर,” सहकारी म्हणाली. “तोच दमतोय.”

तो हसला. जोडांचा ताठरपणा मोजण्यात त्याची हयात गेली होती. या विषयात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. त्याने संगणकावर प्रत्येक रिव्हेटच्या जागी एक स्प्रिंग मांडली आणि टोकाची अधिक ताठ केली. तिच्यावरचा भार भराभर चढला. मागच्या निवांत झाल्या.

“बघ. भार ताकद पाहून वाटला जात नाही. जो लवत नाही, त्याच्याकडे जातो. त्यालाच आणखी बळकट करणं म्हणजे त्याच्या मरणाची सोय.”

“म्हणजे ऑफिससारखंच. जो ओढतो, त्याच्याच गळ्यात धोंड.”

सगळे हसले, सर्वांत मोठ्याने तो.

“मग उपाय काय, सर?”

“टोकाच्याला थोडं लवू द्यायचं. मग मागच्यांना अंग चोरता येत नाही.”

वाक्य तोंडातून गेले आणि त्याचे हसू विरले. फाटका पत्रा तसाच टाकून तो बाहेर आला. त्याने घरी फोन लावला. येतो, एवढेच सांगायचे होते.

फोन बाबांनी घेतला. बाबा कधी फोन घेत नसत.

“तुझं यंत्र आलं,” ते म्हणाले. “गाडीवाला खालीच ठेवून गेला. तिने एकटीने जिना चढवून वर आणलं. दाराशी टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर आत्ताच येऊन गेले. उपयोग नव्हता.”

मग बाबांनी, एखाद्या अपराध्यासारखे, विचारले,

“यात मला बसवायचं कुणी रे?”