लिनची वाटी

आजही वाटी परत आली.

लिननं ती दोन्ही हातांनी उचलली, सासूपुढं धरली, तिच्या भाषेतलं ते रोजचंच वाक्य म्हणाली आणि हळूच खाली ठेवली. एक घासही न घेता. सिताबाईचं डोकं फिरलं. सकाळपासून शेगडीपुढं उभं राहून पाय दुखवून घेतले ते काय हे बघायला?

सून व्हिएतनामची. लेक कुमार तिकडं नोकरीला होता, तिथंच दोघांचं जमलं. आता त्याला हैदराबादेत काम मिळालं, तर घर मिळेपर्यंत गर्भार बायकोला येरमाळ्यात आईपाशी ठेवून तो गेला. जाताना सांगून गेला, "आई, तिला तिकडची 'चे' खावी वाटती. आपल्या खिरीवानी गोड असती."

म्हणजे डोहाळेच की! आणि डोहाळे अपुरे राहिले तर लेकराच्या तोंडातून लाळ गळते, हे सिताबाईला तिच्या सासूनं बजावून सांगितलेलं. त्यात कळंबच्या डॉक्टरीणबाईंनी लिनच्या रक्तातली साखर वाढली म्हणून साखर बंद केलेली. म्हणजे आता साखरेवाचून गोड करायचं, तेही उभ्या जन्मात न पाहिलेलं.

सिताबाई हटली नाही. कुमारनं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तिकडची ती पिवळी डाळ म्हणजे आपली मुगाचीच, एवढं ओळखलं. साबुदाणा डॉक्टरीणबाईंनी नको म्हटला, तर त्याजागी ज्वारीच्या कण्या घेतल्या. नारळ येडेश्वरीच्या प्रसादाचा, वरून भिजवलेला सब्जा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा. गोडाला खजूर, तोही नावापुरता. पहिल्या खेपेला मुगाचं वरण झालं. मग नारळाचं दूध फाटलं. मग कण्यांचा असा गोळा झाला की पळी उभी राहावी. दर वेळी वाटी लिनपुढं जायची आणि दर वेळी तशीच परत यायची.

बरं, चाखून बघायचीही सोय नव्हती. या घरात डोहाळ्याचा पदार्थ गर्भारणीचं पोट भरेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंडाला लावायचा नाही, अशी रीत. त्यामुळं काय चुकतंय ते सिताबाईला कळेना, आणि सून सांगेना.

एरवी पोरगी वाईट नव्हती. दोन्ही वेळच्या जेवणाला सासऱ्यांबरोबर बसायची. बब्रुवानांनी पहिला घास घेतला की गुमान भाकरी मोडायची, कोरड्यासाचं तिखटही सोसायची. मग नखरे या वाटीपुढंच का? लिनच्या फोनमधली बाई तिचं बोलणं मराठीत करून सांगायची. पण एकदा त्या बाईनं सिताबाईला 'महोदय' म्हटलं, तेव्हापासून तो फोन स्वयंपाकघरात यायचा बंद झाला. कुमारला विचारावं, तर काय विचारणार? तुझ्या बायकोला माझ्या हातचं गिळवत नाही म्हणून? तिची जीभ रेटेना.

वाटीतलं, पातेल्यातलं, सगळं रोज म्हशीच्या घमेल्यात जायचं. बब्रुवानांना त्याची मोठी मजा.

"म्हस लई खूश हाय," ते ओसरीवरून म्हणायचे. "तिचं डोहाळं तरी पुरं झालं."

"तुमाला हसाया काय जातंय?" सिताबाई आतून फणकारायची. "लेकराची लाळ पुसाया म्याच हाय न्हवं!"

आज मात्र 'चे' साधली होती. कण्या मऊ शिजल्या होत्या, दूध फाटलं नव्हतं, नारळाचा वास घरभर सुटला होता. म्हणून तर वाटी परत आली तेव्हा तिला जास्त लागलं. राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ रडू. परक्या मुलखातली पोर आपल्या पदरात टाकून लेक गेला, आणि आपल्याला तिला एक गोड घास भरवता येऊ नये!

"न्हाय ना खायाचं?" ती ओरडली. "नगं खाऊ! म्याच खाते, बघ!"

तिनं वाटी ओढली आणि आपल्या सासूची सगळी रीतभात चुलीत घालून चमचा तोंडात कोंबला.

लिनचा चेहरा एकदम उजळला. सिताबाईनं घास गिळला न गिळला तोच तिनं सासूच्या हातातली वाटी घेतली. तीच वाटी, तोच चमचा. आणि खाली मान घालून भराभरा खाऊ लागली.

"अगं अगं, उष्टं हाय ते!"

लिन थांबली नाही. तळाशी राहिलेलं बोटानं पुसून खाल्लं. मग स्वतः उठली, पातेल्यातून वाटी पुन्हा भरून आणली, दोन्ही हातांनी सिताबाईपुढं धरली आणि तेच वाक्य म्हणाली. सिताबाईला अजून उमगेना. तेव्हा लिननं आधी तिच्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि इतक्या दिवसांत जमवलेलं सगळं मराठी एका जागी आणलं.

"आई आधी," ती म्हणाली. "मग लिन. माझं घर, असं."

सिताबाईच्या डोळ्यांपुढं रोजचं जेवण आलं. बब्रुवानांचा पहिला घास, आणि त्यानंतरच हलणारा लिनचा हात.

तिनं एक चमचा खाल्ला. लिननं वाटी आपल्याकडं घेतली. मागच्या दारातून गोठा दिसत होता. म्हैस मान वर करून, कान टवकारून घराकडं बघत होती, आणि तिच्यापुढं चाटूनपुसून लख्ख झालेलं घमेलं होतं. या पोरीच्या तोंडचा घास सिताबाई रोज आपल्या हातानं म्हशीला घालत आली होती.