चांदणी लावलेले विषय

कुसुमावतीने स्थळ म्हणून आणलेल्या मुलाचा फोटो नेमका फॉर्मवर ठेवला. इंद्राणीने तो उचलून बाजूला केला. आतेने पुन्हा फॉर्मवर ठेवला.

“देवराज. प्लेन दे पपाय गावात शाळेत मास्तर आहे. बघ तरी.”

“बघितला, आते.”

“बघून काय वाटलं ते सांग.”

इंद्राणीने फॉर्म पुढ्यात ओढला. तिच्या हातात पेन्सिल होती. फॉर्म लंडनच्या एका विद्यापीठाचा होता. आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी, सप्टेंबर १९८२ पासून, तीन वर्षांची. पहिल्या वर्षासाठी अठरा विषयांतून चार निवडायचे होते आणि फॉर्म उद्याच्या टपालाने जायला हवा होता. राहायची सोय तिकडच्या चंद्रमोहन मामाकडे होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तिचे वडील बाबूराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

“बाबू, तू तरी बोल,” कुसुमावती भावाला म्हणाली. “सत्यवतीला जाऊन अकरा महिने झाले. घरात आई गेली की वर्षाच्या आत पोरीचं लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं करता येत नाही. पंडिताने पुढच्या शुक्रवारचा मुहूर्त काढून दिलाय. हे काय मी आज नवीन सांगतेय?”

“नाही, अक्का.”

“आणि ही शिकणार काय म्हणे? देशोदेशींची भांडणं. त्याला लंडन कशाला? आपल्या मंदिराच्या कमिटीत वर्षभर बस म्हणावं. सगळं येईल.”

इंद्राणीला हसू आलं. बाबूराव हसले नाहीत.

“कन्यादानाला कोण बसणार?” त्यांनी विचारलं.

“हरिलाल आणि त्याची बायको. धाकटा भाऊ कशाला आहे मग? बायको नसलेल्या माणसाने बसायचं नसतं, तुला माहीत आहे.”

“मग मी काय करू?”

“पाहुण्यांचं बघ.”

बाबूरावांनी फोटो उचलून बहिणीच्या हातात दिला.

“वर्षाच्या आत लग्न नाही करायचं.”

“म्हणजे तीन वर्षं थांबावं लागेल. ऐकतोयस ना? तीन.”

“तीन तर तीन.”

“की पू फेर,” कुसुमावती बेटावरच्या बोलीत म्हणाली. काय करणार. तिने छत्री घेतली. दारात थांबून म्हणाली, “सत्यवती असती तर तिने तुला असं बोलू दिलं नसतं.”

“ती असती तर हा प्रश्नच नव्हता, अक्का.”

फाटक वाजलं. इंद्राणी बापाकडे बघत होती. अकरा महिन्यांत तिचा चेहरा असा मोकळा झालेला त्यांनी पाहिला नव्हता.

“बाबा, बघा,” ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. “हा पहिला. युद्ध आणि तह.” तिने खूण केली. “हा दुसरा, हिंदी महासागरातले देश. आपणच की. आपल्याबद्दल ते काय शिकवतात ते तरी कळेल.” खूण. “आणि स्वाहिली. समोर एवढी मोठी आफ्रिका आहे आणि आपल्याला तिथलं एक वाक्य येत नाही.” खूण. “चौथा तुम्ही सांगा.”

बाबूरावांनी चष्मा लावला. यादीवरून बोट फिरवलं.

“काहींच्या पुढे चांदणी कसली आहे?”

“ते घरी बसून करता येतात. पुस्तकं पोस्टाने येतात. परीक्षा इथेच, पोर्ट लुईला.”

“चांदणीचे किती आहेत?”

“सहा.”

“आणि लागतात चार.”

इंद्राणीने पेन्सिल खाली ठेवली.

“आतेला तुम्ही तीन वर्षं म्हणालात,” ती म्हणाली. “पदवी तीन वर्षांचीच आहे. मला वाटलं, त्यासाठीच म्हणालात.”

“ती तीन वर्षं मी तुझी या घरातली म्हणालो होतो.”

शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला, मग बंद केला.

“आतेची बाजू घेतली असतीत तर लग्न होऊनही मी याच बेटावर राहिले असते,” इंद्राणी म्हणाली. “रविवारी आले असते.”

“रविवारचं नाही, पोरी. संध्याकाळी ऑफिसातून येतो तेव्हा दार तू उघडतेस. किल्ली माझ्या खिशात असते, रोज. अजून एकदाही लावून बघितली नाही.”

बाबूरावांना वाटलं, आता ती उठून आत जाईल. ती गेली असती तर त्यांनी तिला बोलावलं नसतं. कदाचित आहे त्या खुणांसकट फॉर्मवर वडील म्हणून सहीसुद्धा केली असती. पण ती उठली नाही.

“चांदणीचे कोणते, वाच,” ते म्हणाले.

“युरोपचा इतिहास. व्यापार. कायदा. लोकसंख्या. नकाशे. राज्यशास्त्राची ओळख.”

“भाषा नाही एकही?”

“भाषेची तोंडी परीक्षा असते, बाबा. पोस्टाने कसं बोलणार?”

“चांगले आहेत की. कायदा चांगला आहे.”

“हो.”

इंद्राणीने खोडरबर घेतला. पहिली खूण लगेच गेली. दुसरीही गेली. स्वाहिलीपुढची तिने जोर देऊन केली होती, ती निघेना. ती खोडत राहिली आणि टेबलावरचा फॉर्म सरकू लागला.

फाटेल, म्हणून बाबूरावांनी हात पुढे केला आणि कागदाचा कोपरा दोन बोटांनी घट्ट धरून ठेवला.