पाणकोंबडीचं बोलकं पुस्तक

"ते परत करून ये," आजी म्हणाली.

लेकीनं खोकं अजून पुरतं उघडलंही नव्हतं. आत एक निळी पाटी होती, पाटीवर ठेवायची गोष्टीची पुस्तकं होती आणि एक जाडजूड पेन. पेन ओळीवर टेकवलं की पाटी ती ओळ वाचून दाखवते, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

"आई, सकाळी तर म्हणालीस, आण बाई, माझ्या डोळ्यांना आराम पडेल."

"सकाळी म्हणाले. आता नाही म्हणते."

"मध्ये काय झालं? नुसतं खोकंच तर बघितलंस."

खोक्यावर एक मोठी कोंबडी छापली होती आणि तिच्यामागे पिवळं पिल्लू.

"ते चित्र बघूनच तर हे घेतलं," लेक म्हणाली. "आपली कोंबडीची गोष्ट आहे यात. इतक्या वर्षांनी पुन्हा छापलीय."

"यंत्राला काय कळतंय गोष्टीतलं? पोर मांडीवर बसून काय नुसते शब्द ऐकतं? कुठं थांबायचं, कुठं पापा घ्यायचा, हे त्या पाटीला कोण शिकवणार?"

"अगं, सवत आणल्यासारखी काय बघतेस तिच्याकडे?" लेक हसली. "मांडी तुझीच राहू दे. वाचू दे तिला."

दोघींचंही काही खोटं नव्हतं. लेक दिवसभर पोहण्याच्या तलावावर लोकांच्या पोरांना पोहायला शिकवायची. तिची स्वतःची पोर, छोटी, आजीपाशी असायची. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुस्तक ती हातात धरायची ते सवयीनं. गोष्ट तोंडपाठ होती. बोलण्याच्या नादात पान उलटायचं राहिलं की छोटी ते मुकाट्यानं उलटायची.

लेकीनंही ती गोष्ट अशीच ऐकली होती. तेव्हा तिची आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. छापून आलेले ताव दुमडायचे, एकात एक घालायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे. लेकीचं सगळं लहानपण तिथंच गेलं. खळीचा आंबूस वास, सुईची सरसर, आणि कोपऱ्यात कागदाच्या कातरणांची भली मोठी टोपली. त्या टोपलीत ती निजायची, अंगावर पांढऱ्या-निळ्या कागदी पट्ट्यांचं पांघरूण घेऊन. पहिलं घर कुठलं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं ती टोपलीच दाखवली असती.

जेवणाच्या सुट्टीत आई तिला उचलून घ्यायची आणि पुस्तक उघडायची. कारखान्यातली बाकी सगळी पुस्तकं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. हे एकच हिरव्या.

"हे तुझं म्हणून," आई म्हणायची.

गोष्ट साधीच होती. कोंबडीचं पिल्लू पाण्यात शिरतं, कोंबडी काठावरून ओरडते, संध्याकाळी पिल्लू परत येतं.

*पाण्याला काठ गं, काठाला वाट,*
*पंखाखाली पिल्लाची निजायची खाट.*

"पण कोंबडीचं पिल्लू पोहतं कसं?" लेकीनं एकदा विचारलं होतं.

"आईचं ऐकत नाही म्हणून," आई म्हणाली होती, आणि सगळा कारखाना हसला होता.

पुढं लेक खरोखरच पाण्यात रमली, तेव्हा आईनं तिचं नाव पाडलं पाणकोंबडी. छोटीलाही हे ठाऊक होतं. गोष्टीतलं पिल्लू म्हणजे आपली आई.

बोलण्याच्या भरात छोटीनं पुस्तक पाटीवर ठेवून पेन कधी टेकवलं ते दोघींनाही कळलं नाही. पाटी एकदम बोलू लागली. आवाज बाईचा, मधात घोळलेला.

"एक होती कोंबडी. तिचं होतं एक पिल्लू."

"बंद कर ते, छोटे," आजी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात पुढं आला होता.

"राहू दे ना आई, एकदा ऐकू दे. नाही आवडलं तर उद्या देते परत. शप्पथ."

आजीचा हात तसाच मागं गेला.

पिल्लू पाण्यात शिरलं. कोंबडी काठावरून ओरडली. लेक आणि छोटी पाटीच्या बरोबरीनं ओळी म्हणत होत्या. आता संध्याकाळ होणार, म्हणून छोटीनं तोंड उघडलंही.

पाटी म्हणाली, "कोंबडीला रडू आलं. ती म्हणाली, बाळा, तू पोहणारच. तू माझ्या अंड्यातलं नाहीस. तळ्याकाठच्या गवतात सापडलंस मला. पोटचं नाहीस रे, पंखाचं आहेस."

"चुकली पाटी," छोटी म्हणाली.

"दुसरीच गोष्ट घुसलीय मध्ये," लेक म्हणाली. "आई, तुझंच खरं. यंत्राला काही कळत नाही. थांब छोटे, खरी गोष्ट दाखवते तुला."

तिनं फळीवरचं जुनं पुस्तक काढलं आणि नव्याच्या शेजारी ठेवलं. नव्यात या जागी चित्रांची चार पानं होती. जुन्यात डावीकडं कोंबडी ओरडत होती आणि उजवीकडं संध्याकाळ झाली होती. मध्ये, घडीच्या खोबणीत, हिरवे टाके. त्या टाक्यांच्या शेजारून सुईच्या जुन्या भोकांची एक रिकामी ओळ गेली होती.

मधला ताव काढून पुस्तक पुन्हा शिवलं की अशी ओळ राहते. कारखान्यात वाढलेल्या पोरीला ते कुणी सांगायला नको होतं. तिनं त्या भोकांवरून बोट फिरवलं. वर बघितलं नाही.

छोटी आजीच्या मांडीवर चढून बसली होती.

"आजी, मग आईपण तुला तळ्याकाठी सापडली?"

आजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नीट दिसत कुठल्याच काचेतून नव्हतं, तरी ती लेकीच्या दिशेनंच बघत होती.

"तळ्याकाठी नाही गं," ती म्हणाली. "कारखान्याच्या मागच्या दारात. कातरणांच्या टोपलीत."