राबणारं मनगट

गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं, परदेशी घड्याळ मनगटाच्या हालचालीवर चालायचं. हात स्वस्थ राहिला की बंद. भाटकार दिवसभर आरामखुर्चीत लोळत, तरी ते कधी थांबलं नव्हतं.

मोबाइल आल्यापासून वेळ बघायला घड्याळ कुणाला लागेना. म्हणून घड्याळाच्या कंपनीने यापुढे ते कष्टाळू माणसांची शान म्हणून विकायचं ठरवलं. भाटकारांच्या घड्याळाची कीर्ती ऐकून पणजीहून कंपनीचा साहेब आला आणि म्हणाला, "जाहिरातीत तुमच्याच मनगटाचा फोटो छापू."

भाटकारांना भरून आलं. त्यांनी खिडकीतून शेतातल्या कामकरणीला हाक मारली.



"सोनाबाय, लावणी जरा थांबय गो, आनी तुझ्या हातातल्या घड्याळाचो चिखल पुसून तें हांगा घेवन ये. साहेबांक माझे कष्ट दाखवूचे आसत."