विठ्ठलरावांची जागा

स्क्रू पुन्हा चिमट्यातून निसटला. अर्पितानं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि टेबलाखाली वाकली.

"खाली नाही पडला. तुह्या ओढणीले चिकटला," बाजूच्या खुर्चीतून विठ्ठलराव म्हणाले.

खरंच, तिथंच होता. पांढरकवड्याच्या बाजारात उभी हयात घड्याळं दुरुस्त केलेल्या सासऱ्यांची नजर अजून पक्की होती. गेला होता तो डावा हात. दिवाळीनंतर एका सकाळी ते उठले आणि म्हणाले, हातात जोर नाही. तेव्हापासून तो मांडीवर पडून असायचा. नागपूरला दाखवू म्हणून मुलानं, म्हणजे अर्पिताच्या नवऱ्यानं, सलीलनं, डोकं खाल्लं. पण विठ्ठलराव एकदा अडून बसले की देवाचंही ऐकत नाहीत. "वयाचं दुखणं हाय, त्याले डॉक्टर काय करन?"

या कामाला दोन हात लागतात. एकानं धरायचं, दुसऱ्यानं खोलायचं. सलीलनं दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा विठ्ठलराव म्हणाले, "हात बरा होईस्तोर अर्पिता बसन. मी बाजूले बसून सांगत जाईन."

अर्पिता मनातल्या मनात नाचली. लग्न होऊन आल्यापासून तिला ते काम शिकायचं होतं. एकदा जेवताना बोललीही होती. सलील हसला होता. विठ्ठलराव खाली मान घालून भाकरी खात राहिले होते.

सुरुवातीला गिऱ्हाईकं तिच्याकडे न बघता सासऱ्यांकडे घड्याळ सरकवायची.

"मले काहून दाखवता? तिले दाखवा," ते म्हणायचे.

मग बापूजी आले. केळापूरचे शेतकरी, आवाज बाजारभर. "तिसऱ्यांदा बंद पडलं! सुनबाईले जमत नसन तं सांगा ना बाप्पा!"

अर्पिता रडकुंडीला आली. घड्याळात काही दोषच सापडत नव्हता. बाहेर चार माणसं ऐकत उभी.

"घड्याळाले नको, त्याईले विचार," विठ्ठलराव एवढंच म्हणाले.

तिनं विचारलं. बापूजी ते फक्त लग्नकार्याला घालत, एरवी कपाटात. अर्पिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काका, याला चावी नसते. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि त्यावरच घड्याळ चालतं. कपाटात कोणाचा हात हलणार? बंदच पडणार ते!"

चार माणसं हसली. बापूजीही हसले आणि घड्याळ मनगटाला बांधूनच गेले.

त्यानंतर लोक तिलाच विचारत येऊ लागले. मोबाइलवाल्याला सलीलनं नाही म्हणून कळवलं. पण तिच्या मनात एक काटा होताच. हात बरा झाला तर? सासऱ्यांचं दुखणं बरं होऊ नये असं आपल्याला वाटतं, याची तिला भयंकर लाज वाटायची. तरी वाटायचंच.

एका रात्री सलील म्हणाला, "सोमवारची नागपूरची वेळ घेतली. बाबांचा हात सुधारला की तू सुटशील बघ."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. "बाबा, हट्ट करू नका. नागपूरला जा. हात बरा व्हायलाच पाहिजे. मी घरी बसेन, मला काही वाटणार नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं. ते बोलतानाही तिनं हातातला चिमटा खाली ठेवला नव्हता.

विठ्ठलरावांनी उजव्या हातानं डावा हात उचलून टेबलावर ठेवला. त्या मनगटावर त्यांचं घड्याळ होतं.

"जाईन. पयले माह्यं घड्याळ पाह्य. हे हातात बांधल्यापासून कोणी उघडलं नाही."

तिनं पट्टा सोडला, मागचं झाकण काढलं. आत अर्धगोल वजन झुलत होतं. चावी भरायची सोयच नव्हती. तिनं घड्याळ उलटं केलं. काटे भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होते.

तिनं वर पाहिलं.

"मंग? नागपूरले काहून जाऊ, सांग," विठ्ठलराव म्हणाले, आणि त्यांनी डाव्या हातानं मिशी सारखी केली.