निळ्या खुर्च्या

छोट्या मंडळांना हात देऊन उभं करणाऱ्या संस्थांसाठी सरकारी अनुदान निघालेलं, आणि रमाबाईंच्या संस्थेचा अर्ज कितपत खरा ते बघायला दर्शना केणी ठाण्याच्या ऑफिसातून निघाली. आधी संस्थेने उभी केलेली मंडळं बघायची, संस्था शेवटी. कळव्याच्या शिवणवर्गात तिला बसायला निळी खुर्ची मिळाली. शीळफाट्याच्या वाचनालयातही तशीच निळी, पाठीवर पांढऱ्या रंगात संस्थेचं नाव. दर्शना मनातल्या मनात हसली. तपासणी आली की तेच सामान टेम्पोत घालून साहेबाच्या पुढे पुढे पळवायचं, हे तिने नोकरीत पुष्कळ बघितलेलं.

डोंबिवलीत संस्थेची खोली उघडीच होती. आत एक सतरंजी आणि तिच्यावर बसलेल्या रमाबाई. खुर्ची एकही नाही.

"टेम्पो अडकला वाटतं शीळफाट्याला," दर्शना म्हणाली.

"कसला टेम्पो, मॅडम?"

दर्शनाने वाचनालयात व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी मंडळी निळ्या खुर्च्यांवर निवांत पेपर वाचत होती. मग कळव्याला लावला. तिथेही बायका निळ्या खुर्च्यांवर बसून मशीन चालवत होत्या. तिने फोन गुपचूप पर्समध्ये टाकला.

रमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुम्हाला खाली बसायची सवय नसेल. थांबा, शेजारच्या महिला मंडळातून एक खुर्ची मिळते का बघते. आम्हीच दिलेली आहे, पण आता त्यांना विचारायला लागेल."