भट्टी शांत केली

"सगळं शांत केलं, ताई," आकाराम म्हणाला. "मेन पाडला, गॅस बंद केला, शटर ओढलं आणि आलो."

निशिगंधाच्या हातात मडकं नुकतंच आलं होतं. सुतळीला लोंबणारं, आत शेणीचा विस्तव. गणपतरावांना मुलगा नव्हता. अग्नी लेकच देणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांच्या बहिणीला, झुंबरबाईंना, ते अजून पटलेलं नव्हतं. राजारामपुरीतल्या त्या घरासमोर तिरडी बांधून झाली होती.

"गॅस?" तिनं विचारलं. "कुठला गॅस?"

"त्यो बारक्या भट्टीत सोडल्याला. आर्गॉनचा."

कुणी गेलं की भट्टी शांत करायची, हा गणपतरावांचाच दंडक. एखाद्या कामगाराची आई गेली तरी उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये त्या दिवशी विस्तव नसे. त्यांचा जुना कामगार आकाराम, त्यानं तो दंडक जन्मभर पाळला होता. आज मालकच गेले म्हटल्यावर त्यानं काही चालू ठेवलं नव्हतं.

बारक्या भट्टीत सहा टिपा होत्या, लोखंड कापायच्या, सिरॅमिकच्या. सिरॅमिक कडक खरं, पण एक चीर पडली की आरपार जाते. मातीच्या भिंतीत काड मिसळतात तशा त्यात कार्बनच्या नॅनोट्यूब मिसळल्या, की चीर जागच्या जागी अडते. सांगायला सोपं. करताना त्या विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारख्या एकमेकींत अडकून बसतात, सिरॅमिकच्या पुडीत पसरतच नाहीत. बापलेकींनी त्यापायी कितीतरी घाणे वाया घालवले होते. शेवटचा घाणा गणपतरावांनी एकट्यानं मिसळला, तिला आत येऊ न देता. "जमलंय गं," एवढंच म्हणाले. "आधी भाजून बघ. मग सांगतो काय केलं ते." ती भट्टी लावेपर्यंत त्यांना दवाखान्यात हलवलं होतं, आणि ती तिथं पोचली तेव्हा त्यांची वाचा गेली होती.

भाजणं पहाटेच संपलं होतं. आता फक्त निवायचं राहिलं होतं. पण निवेपर्यंत आर्गॉन वाहता पाहिजे. तो थांबला की भट्टी मिळेल त्या फटीतून हवा ओढून घेते, आणि तापलेला कार्बन हवेत राहत नाही. मागं उरतात त्या पांढऱ्याफटक वड्या, आतून पोकरलेल्या.

"आकारामकाका, परत जावा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मेन चढवा आणि मला फोन करा."

काय चुकलं ते त्याला कळलं नाही, पण तिचा चेहरा कळला. त्यानं हातातला हार तसाच तिरडीवर टाकला आणि मोटरसायकलला किक मारली.

तिला स्वतःला जाता येत नव्हतं. एकदा हातात घेतलेलं मडकं घाटाशिवाय खाली ठेवत नाहीत.

फोन आला तो तिनं मान वाकडी करून खांद्यावर धरला. विस्तवाचा धूर डोळ्यांत जात होता. तिनं भट्टीच्या तापमानाचा आकडा विचारला.

"सहाशे ऐंशी दाखवतंय, ताई."

अजून फार होतं. सिलिंडरचा चौकोनी दांडा चावीनं डावीकडं फिरवा, हळू फिरवा, असं ती सांगत होती. भोवतीच्या बायकांचं रडणं थांबलं होतं. सगळ्या तिच्याकडंच बघत होत्या.

"बाप दारात पडलाय, आणि हिचा धंदा सुटंना," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हणून सांगत हुते, पोरीच्या हातात मडकं दिऊ नगासा."

तिकडं आकारामला चावी सापडत नव्हती. त्यानं टेबल पालथं घातलं, खण ओढले, ते सगळं तिला ऐकू येत होतं. इकडं माणसं तिरडीशी वाकली. घाटावर कळवलंय, उगाच उशीर नको, असं कुणीतरी म्हणालं. निशिगंधाला फक्त तिकडचे खण ऐकू येत होते.

चिमणाबाई सकाळपासून नवऱ्याच्या उशाशी बसून होत्या. रडल्या नव्हत्या, कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी तिरडीच्या बांबूवर हात ठेवला.

"जन्मभर मला थांबवलं त्या भट्टीपायी," त्या म्हणाल्या. "ताटं वाढून थांबायचं, लग्नाला निघून थांबायचं. आज त्यांना थांबू द्या की जरा."

माणसं सरळ उभी राहिली.

"खिशातच हाय की, ताई," आकाराम फोनवर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "माझ्याच खिशात हुती."

मग दांडा करकरला आणि गॅस सुटला. निशिगंधाला हायसं वाटलं नाही. आकारामनं शटर ओढल्यापासून भट्टी हवा ओढत होती. टिपा बाहेर निघतील तेव्हा कशा असतील, हे तिला आत्ताच दिसत होतं. आणि त्या पुडीत काय केलं होतं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

"वाचल्या न्हवं, ताई?" आकारामनं विचारलं. ती मडक्यातल्या विस्तवाकडं बघत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं. "ताई, वाचल्या न्हवं?"

चिमणाबाई उठल्या. लेकीच्या खांद्यावरचा फोन त्यांनी काढून घेतला.

"वाचल्या," त्या म्हणाल्या. "तू तिथंच बस, आकाराम. गॅस बंद करू नगंस."

त्यांनी फोन ठेवला नाही. तिरडीपाशी पुन्हा बसून त्यांनी तो नवऱ्याच्या कानाला लावला. फोनमधून गॅसची बारीक, एकसारखी सूं सूं येत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात मागं घेतला आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"उचला आता," त्या म्हणाल्या.